अर्ध्या अगरबत्तीची वीस मिनिटं

शेजारच्या आजींना सहा आठवड्यांत फर्स्ट एडचं सर्टिफिकेट मिळवून द्यायचं, हे काम माझ्या यादीत कसं आलं ते आधी सांगते.

आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये, हॉर्नबीत राहत होतो. मी जवळच्याच एका गोदामात स्टोअर सांभाळायचे. तिथली फर्स्ट एड ऑफिसरही मीच होते, कारण पेटीतल्या औषधांच्या तारखा बघण्याचा उत्साह दुसऱ्या कोणाला नव्हता. आमच्या शेजारी एक चिनी कुटुंब होतं. मुलगी तिशीतली, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करणारी. तिचा नवरा, पाच महिन्यांचं बाळ, आणि बाळंतपणासाठी चीनहून आलेली तिची आई. या आईला मी आजी म्हणायचे. त्यांना तो शब्द इतका आवडला की बाळापुढे छातीवर बोट ठेवून त्याही "आजी, आजी" म्हणायला लागल्या.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी कुंपणाजवळ टोमॅटोला पाणी घालत होते. पलीकडे मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि आजी दोरीवर लंगोट वाळत घालत होत्या. मुलगी मला म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझी रजा संपतेय. बाळाला डेकेअरमध्येच ठेवावं लागणार."

"का? आई आहेत ना घरी?"

"आई खेड्यातली आहे हो. बाळाच्या घशात काही अडकलं, ताप डोक्यात गेला, तर ती काय करेल? एखादा पाला वाटून लावेल." मग जरा थांबून म्हणाली, "डेकेअर ठरलं तर तिला इथे कामच उरत नाही. मार्चमध्ये जाईल परत."

आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, तरी आजींचा हात चिमट्यावर थांबलेला मला दिसला. गावी त्यांचं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"त्यांच्याकडे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट असलं तर?" मी विचारलं.

"तर काय, ठेवेन की," मुलगी म्हणाली. नाही म्हणायची तीही एक रीत होती. पण मला तारीख आणि काम एवढं मिळालं की पुरतं. रजा संपायला सहा आठवडे होते. रात्रीच्या जेवणापर्यंत माझं वेळापत्रक तयार झालं.

नवऱ्याने ते वाचलं आणि विचारलं, "त्यांना विचारलंस का?"

"कोणाला?"

"आजींना."

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीकरवी विचारलं. आजी लगेच हो म्हणाल्या.

दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेचार ते सव्वापाच, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा वर्ग भरायचा. मी चित्रांची बारा कार्डं केली होती, ऑफिसात लॅमिनेट करून आणली होती. जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक बाहुली घेतली होती, डोळे मिटणारी. आजींना इंग्रजीतले आकडे आणि वीसेक शब्द येत होते. मी मोठ्याने आणि सावकाश शिकवायचे, जणू त्यांना ऐकू कमी येतं. मध्येच मराठीवर घसरायचे. आजी कार्डाकडे बघून मान डोलवायच्या.

पहिल्याच दिवशी मी कार्डं पिसून त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी ती बरोबर क्रमाने लावली. मला वाटलं, स्मरणशक्ती चांगली दिसते. दुसऱ्या दिवशी मी बाहुलीच्या कोपराला बँडेज बांधलं. आजींनी ते सोडलं आणि पुन्हा बांधलं, सपाट, एकही सुरकुती नाही. मी समजले, शिवणकाम येत असणार. वहीत त्यांच्या नावापुढे "प्रगती उत्तम" असा शेरा लिहून मी मोकळी झाले. आज ती वही बघवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाजण्याचं कार्ड आलं. भाजलेली जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायची. माझा शिकवण्याचा नियम असा की सगळं खऱ्या वेळेत करून बघायचं. पण मायक्रोवेव्हमध्ये बटाटे होते, त्यामुळे त्याचा टायमर अडकलेला, आणि हातातलं घड्याळ मी ऑफिसात विसरले होते. मी ड्रॉवर उचकत असताना आजी उठल्या आणि माझ्या देवघराच्या फळीपाशी गेल्या. पुड्यातून एक अगरबत्ती काढली, बोटाच्या पेरांनी मोजली आणि कटकन मोडली.

"अहो आजी, देवाची आहे ती!" मी मराठीत ओरडले.

त्यांनी शांतपणे काडी पेटवली, अर्धी अगरबत्ती ओट्यावर उरलेल्या एका बटाट्यात खोचली आणि बाहुलीचा हात नळाखाली धरला. मग अगरबत्तीकडे हनुवटी करून इंग्रजीत म्हणाल्या, "ट्वेंटी."

मग त्यांनी हवेत एक मोठं भांडं काढलं, त्यात बोटांनी पाणी उकळवलं, दोन बोटांची कात्री केली, ती भांड्यात बुडवली आणि शेवटी बाहुलीच्या बेंबीवर नेली. कात्री आणि बाळ एवढंच मला कळलं. मी मागच्या दारातून हाका मारून मुलीला बोलावलं. ती बाळाला घेऊन तशीच जांदलमध्ये, म्हणजे घरातल्या रबरी सपातांवर, आली.

"तुमच्या आई काय सांगतायत बघा. मला नीट कळत नाहीये."

आजी बोलायला लागल्या. मुलगी आधी घाईघाईने वाक्य वाक्य सांगत होती. मग तिचा वेग कमी झाला.

"ती म्हणते, बावीस वर्षांची असताना तिला तालुक्याच्या दवाखान्यात तीन महिने शिकायला पाठवलं होतं. इंजेक्शन, टाके, बाळंतपण. एक जाड पुस्तक दिलं. अर्धं परदेशी औषधांचं, अर्धं आमच्या जडीबुटीचं. मग गावात परत. अर्धा दिवस शेतात काम, अर्धा दिवस औषधाची पेटी घेऊन फिरायचं. अशांना अनवाणी डॉक्टर म्हणायचे." ती आईकडे वळली, काहीतरी विचारलं, आणि मला म्हणाली, "मला माहीत नव्हतं. म्हणजे, गावात आईला मान होता एवढं माहीत होतं."

"खरंच अनवाणी?" मी विचारलं.

"नाही, म्हणते. कापडी बूट होते. चिखलात काढायची."

गावातल्या म्हाताऱ्या या पोरीला बाळंतिणीपाशी फिरकू देत नसत. कात्रीवर न दिसणारे जंतू असतात, हे परदेशी खूळ त्यांना पटेना. वाद घालून उपयोग नव्हता. कात्री उकळायची तर वेळ मोजायला हवी, आणि गावात घड्याळ एकच, पुढाऱ्याच्या मनगटावर. मग आजींनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईलाच कामाला लावलं. तुम्ही उदबत्ती लावा, ती विझेपर्यंत कात्री भांड्यातून काढू द्यायची नाही, अगदी मलासुद्धा नाही.

"पण त्या काळात उदबत्तीला बंदी होती," मुलगी म्हणाली. "देवधर्म नको, जुनं सगळं नको. पुढाऱ्याने एकदा आईला पकडलं. ती त्याला म्हणाली, ही उदबत्ती नाही, हे घड्याळ आहे. दवाखान्याचं." मुलीला हसू आवरेना. "मग काय, सगळ्या म्हाताऱ्यांना उकळलेली कात्रीच हवी झाली! देवापुढे उदबत्ती लावता येत होती ना!"

आजीही हसत होत्या. त्यांचा हात अजून नळाखाली होता.

"मग पुढे काय झालं? का सोडलं?" मी विचारलं.

मुलीने विचारलं. आजींनी एका वाक्यात उत्तर दिलं आणि अगरबत्तीची राख बोटाने टिपली.

"काय म्हणाल्या?"

"नंतर नियम बदलले. परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं होतं. परीक्षा तालुक्याला होती." तिने बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "त्या आठवड्यात मला कांजिण्या आल्या होत्या. ती गेली नाही. मग धान्याच्या दुकानात लागली. मला आठवते ती दुकानातलीच आई."

मायक्रोवेव्ह वाजला. कोणी उठलं नाही. अगरबत्ती विझली तेव्हा आजींनी नळ बंद केला आणि मला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. भिंतीवर घड्याळ होतं! मी ते रोज बघत होते आणि त्या दिवशी ड्रॉवर उचकत होते. अठरा मिनिटं झाली होती. आजींनी माझा अगरबत्तीचा पुडा उलटसुलट केला आणि निकाल दिला. मुलीने तो सांगितला, "बारीक आहेत, म्हणते. तुम्ही महागातल्या घ्या."

उरलेले तीन आठवडे आम्ही फक्त इंग्रजी शब्दांवर घालवले. शिकवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं. तेही मुलीने दुसऱ्या मंगळवारपासून आपल्याकडे घेतलं. मी चहा करायचे.

सर्टिफिकेटचा कोर्स एका शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये होता. मी तीनदा फोन करून ठेवल्यामुळे मुलीला दुभाषी म्हणून बसू दिलं. शिकवणारा धिप्पाड किवी होता. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत त्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला. बाळाच्या घशात अडकलंय असं समजा, असं तो म्हणाला आणि मुलीने ते सांगायच्या आत आजींनी त्याच्या हातातला बाळाचा पुतळा घेतला, पालथा करून आपल्या हातावर निजवला, डोकं खाली, जबडा तळहातात, आणि खांद्यांच्या मधोमध पाच थापा दिल्या.

"स्वीट ॲज!" तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. "हे कुठे शिकल्या?"

हा प्रश्न मुलीने आईला विचारलाच नाही. "डॉक्टर होती ती," तिने परस्पर सांगितलं.

आजींनी तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. त्यावर आजींनी तिच्या दंडावर एक चापट मारली आणि हॉलमधल्या सगळ्यांकडे बघून मान खाली घातली. पण पुतळा त्यांनी बराच वेळ परत दिला नाही.

सर्टिफिकेट टपालाने यायला दोन आठवडे लागणार होते. मुलगी ते यायच्या आधीच, सोमवारी कामावर गेली. डेकेअरला नाही म्हणून कळवणं हे काम मी यादीत लिहून ठेवलं होतं. विचारायला गेले तर ते केव्हाच झालं होतं. मार्चचं तिकीटही रद्द झालं होतं.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे डोकावले. फ्रिजवर मुलीने लावलेली लांबलचक यादी होती, माझ्या वरताण. दूध, झोप, माझा नंबर, डॉक्टरचा नंबर, सगळं चिनीत, आकडे घालून. तिच्याखाली वेगळ्या अक्षरात तीन ओळी होत्या.

"या कोणी लिहिल्या?" संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी विचारलं.

"आईने. त्या माझ्यासाठी आहेत." तिने बॅग खाली ठेवली. "पहिली, ऑफिसातून दर तासाला फोन करायचा नाही, बाळ जागं होतं. दुसरी, जेवणाचा डबा पूर्ण खायचा."

"आणि तिसरी?"

"घरात आल्या आल्या हात धुवायचे," ती म्हणाली आणि नळाकडे गेली.