दिवसाढवळ्या दिवे

वडिलांचे डोळे अधू झाले तेव्हा आमच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. दुपारी ते शाहूपुरीत मित्राच्या दुकानात गप्पा मारायला जात आणि ऑफिस सुटल्यावर मी त्यांना रस्त्यावरून घेऊन घरी येत असे. कोल्हापुरात तेव्हा पांढऱ्या गाड्यांचं पीक आलं होतं. एकदा वडील भलत्याच गाडीत जाऊन बसले. आतल्या बाई किंचाळल्या, माणसं जमली. घरी आल्यावर ते म्हणाले, "बास झालं. आता घरातच बसतो." आई गेल्यापासून तेवढ्या गप्पांवरच ते जगत होते.

गाडीतून उतरून त्यांचा हात धरणं हा सरळ उपाय होता. पण शाळेत विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या माणसाला सरळ उपाय सुचत नाहीत. मी ठरवलं, दिवे दिवसाही मंद जळत ठेवायचे, म्हणजे आपली गाडी लांबून ओळखू येईल. दोन दिवे एकामागे एक जोडले की बॅटरीचा जोर दोघांत वाटला जातो आणि दोन्ही मिणमिणतात. रात्री रिले, म्हणजे जोडणी बदलणारा विजेवरचा छोटा स्विच, खट्‌कन बदलला की पुन्हा पूर्ण उजेड. कागदावर फार सोपं होतं. पहिल्या जोडणीत हॉर्न दाबला की दिवे विझायचे. दुसऱ्या जोडणीत धूर निघाला. बायको गॅलरीतून म्हणाली, "गाडी पेटवायचीच हाय तर रॉकेल देऊ का?" तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा मी शेजाऱ्यांना घरातून बोलावून आणून दाखवलं.

आपल्याकडे भरदिवसा कुणाचा दिवा चालू दिसला की पंजा उघडमीट करून त्याला सांगणं हे पुण्याचं काम. रिक्षावाले, दूधवाले, स्कूटरवर मागे बसलेल्या आज्या, सगळे पुण्य जोडू लागले. हातानं सांगून हा ऐकत नाही म्हटल्यावर ओरडू लागले, "ओ पावणं, लाईट चालू हाय की!" सिग्नलला मी एकाला रिले म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय, पण आधी बंद करा की."

वडील मात्र पुन्हा शाहूपुरीला जाऊ लागले आणि रोज बरोबर माझ्याच गाडीपाशी येऊ लागले. माझी छाती फुगली. पण ओरडा खाऊन खाऊन जीव विटला होता. एकदा जेवताना मी म्हणालो, "रविवारी ते सगळं काढून टाकतो. बॉनेटवर लाल पट्टा मारू."

वडिलांचा घास हातातच राहिला. "नगं काढूस."

"एवढे चांगले दिसतात दिवे तुम्हाला?"

"दिवं? न्हाय बा. ते कवाच दिसलं न्हाईत. लोकं वरडाय लागली की कळतंय, माझं पोरगं आलं."

दुसऱ्या दिवसापासून शाहूपुरीत शिरलो आणि कुणी नुसता पंजा हलवला, की मी काच खाली करून विचारू लागलो, "काय म्हणताय पावणं? जरा मोठ्यानं सांगा की!"