जैसलमेरची वाळू

समोरच्या सुलभाकाकू जिन्यात चप्पल झटकत होत्या. फरशीवर पिवळी, बारीक वाळू सांडली. भर मे महिन्यात त्या काकांना घेऊन जैसलमेरला जाऊन आल्या होत्या.

आमच्याकडे दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की मी जैसलमेरसाठी तारखांना गोल करते, तोही पेन्सिलीने. ऑक्टोबरात ऊन असतं, डिसेंबरात गर्दी, जानेवारीत थंडी बोचते. मग खोडरबर.

"काकू, मेमध्ये कुणी वाळवंटात जातं का हो?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"अगं, ह्यांची नजर कमी होत चाललीय. दिवाळीपर्यंत किती दिसेल, डॉक्टरांनाही सांगता येईना. घामाने निथळत होतो, पण संध्याकाळी किल्ला पिवळाधमक झाला ना, तेव्हा हे बघतच राहिले."

केरसुणी आणायला म्हणून मी घरात आले आणि कॅलेंडरपाशीच थबकले. वाळवंटाचा मोसम इतकी वर्षं पारखत होते. आमच्या दोघांचा मोसम बघायचं डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो," मी हॉलमध्ये बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "समोरच्या घड्याळात किती वाजलेत, दिसतंय ना?"

"थांब, चष्मा शोधतो."