आत्या कुठून आणायची?

आटपाट नगर होतं, हिंदी मुलखातलं, त्याचं नाव लष्कर. तिथे टोपी बाजाराच्या मागे राहायची एक सासू, तिची सून म्हणजे मी, माझी सून सुनंदा अन् नातू निखिल. घरातली माणसं उणावत गेली, किस्से मात्र साठत गेले. बोलावं कुणाशी? म्हणून तुम्हाला सांगते.

सासूबाईंना दहा मुलं झाली. पाच गेली. उरल्या चार मुली नि आमचे हे. माझ्या वसंताचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, अन् चारही आत्या पाळण्यावर तुटून पडल्या! "मी थोरली!" "मी लाडकी!" चौघींनी चार नावं फुंकली. पोर रडून रडून जांभळं झालं.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गेलेल्या पाचांना एक नाव मिळालं नाही, अन् ह्याला चार!"

कुणी हसलं नाही.

*

मला दोनच. वसंता अन् सुधा. वसंताच्या निखिलचं बारसं ठरलं, अन् झाशीहून येणाऱ्या सुधाची गाडी पाच तास लेट! आत्या एकच, करता काय? जेवणं उरकली, बायका घरी गेल्या, पोर तसंच बिननावाचं. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालतात ना, ते घालायलाही कुणी उरलं नाही.

मी सुनंदाला म्हटलं, "दुसऱ्याच्या वेळी सुधाला आदल्या दिवशीच बोलावू."

"दुसरं नाही, आई. एकच."

*

निखिल लग्न करून हरिशंकरपुरमला फ्लॅटात गेला. आठ वर्षं झाली. पाळण्याचं विचारलं की ठरलेलं, "आजी, अभी टाइम ही नहीं है!"

"तुझ्या पणजीला बरा टाइम होता रे!"

त्याची बायको श्रेया आतून म्हणाली, "त्यांना विचारलं होतं का कुणी?"

पोरगी खोटं बोलत नव्हती.

*

नवव्या वर्षी देव पावला. मुलगी झाली! फ्लॅटात फुगे, केक, कॅमेरेवाला. नाव ठेवायची वेळ आली अन् सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. निखिल एकुलता एक. त्याला बहीण कुठली?

"आता आत्या कुठून आणायची?" मी आपली सहज बोलून गेले.

सुनंदा पाळण्याची दोरी धरून उभी होती. हळूच म्हणाली, "होती, आई. निखिलच्या आधीची. एकच ठेवायचं तर मुलगाच हवा, म्हणून तुम्हीच मला डॉक्टरकडे घेऊन गेला होतात."

कॅमेरेवाला ओरडला, "दादीजी, थोड़ा मुस्कुराइए!"

मी वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं. ती खुदकन हसली.

शेजारच्या जाधवकाकूंनी कडाकडा बोटं मोडली. "भाग्य उजळलं हो घराचं! पहिली बेटी, धनाची पेटी!"