मिठावर लावलेली मिशी

आमच्या सासऱ्यांची मिशी बघायला पेणच्या बाजारात लोक थांबायचे, असं ते स्वतः सांगतात. खरं-खोटं देव जाणे! पण मिशी होती बाई झोकदार. सकाळी खोबरेल, दुपारी पीळ, आणि रात्री उशीला लागू नये म्हणून झोपायचे ते सरळ छताकडे तोंड करून.

त्यांचं नाव धर्मा. जन्म गेला मिठागरात. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मिठाच्या राशी लावायच्या. मिठागर बंद पडलं, माझा नवरा निकेत ट्रेलर चालवायला लागला, तरी मागच्या दारी बाबांची मिठाची गोण कायम भरलेली. जाडं, करडं खडा मीठ. चिमूटभर जिभेवर ठेवलं की कुठल्या मिठागरातलं ते सांगणार. चुकले तर? चुकलात हे त्यांना सांगणार कोण!

काळूरामकाका त्यांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात. दोघं मिळून मिठागरात राबराब राबले. तर हे काका एका दुपारी जेवता जेवता पाटावरच कलंडले. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलेला होता, कधी कुणी मोजलाच नाही, आणि जेवणात मीठ फार. झालं! बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या मिठानं माज्या भावाला पाडला म्हंता?"

डॉक्टरांशी भांडून आले खरे, पण तो आळ त्यांच्या मनातून जाईना. रोज संध्याकाळी काकांच्या खाटेशी बसायचे आणि अवाक्षर बोलायचे नाहीत. काकांनीही हातपाय हलवायचं सोडलं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू मांजर घेऊन खेळायचं. मला तर दोघांना असं बघवत नसे.

अशात मुंबईहून सरकारी आरोग्य संशोधन केंद्राची गाडी गावात आली. सोबत कुठल्याशा विद्यापीठाची माणसं. अभ्यास कशाचा? मिठाचा! मिठागराच्या गावात! देवळासमोर सभा भरली. डॉक्टर महनूर म्हणून एक तरुण बाई, मुरुडकडची, चुणचुणीत. तिने समजावलं, की निम्म्या घरांना साधं मीठ मिळेल आणि निम्म्यांना सोडियम कमी केलेलं. पाकीट सगळ्यांचं सारखंच, आणि वर्षभर घरात तेवढंच मीठ वापरायचं. कुणाला कोणतं मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. अभ्यास संपला की मुंबईहून कळेल.

बाबा उठले. "तुमालाच म्हायती न्हाय, मंग आलात कशाला?"

सभा खो खो हसली. डॉक्टर महनूरही हसली. "म्हणूनच आलो, चाचा. आधीच माहीत असतं तर घरीच नसते का बसले?"

बाबांना उत्तर पटलं. नाव द्यायला पहिले तेच गेले. "मिठावरचा आळ मी काढनार," गावासमोर बोलले. मला गावातली मदतनीस म्हणून नेमलं. पाकिटं वाटायची, रक्तदाब मोजायचा. पहिल्याच फेरीत मशीन लावलं ते सासऱ्यांना, आणि आकडा बघून मी पुन्हा लावलं, तरी तोच! भावासारखाच धोका तेही घेऊन फिरत होते. डॉक्टर महनूरने त्यांना लगेच गोळ्या सुरू केल्या. बाबा म्हणाले, "मशीन नवीन हाय, बावचळलंय."

पाकिटं वाटायची म्हणजे दिव्य. तिन्हीसांजेला गेले तर बायका दार लावून घेत, कारण दिवेलागणीला मीठ घरात-बाहेर करत नाहीत. सकाळी गेले तर हातात घेईनात. मीठ हातातून हातात दिलं की भांडण होतं ना! मी उंबऱ्यावर ठेवायचं आणि त्यांनी उचलायचं. केंद्रातल्या साहेबाने विचारलं, पाकीट हातात का देत नाही? म्हटलं, साहेब, गावात शांतता ठेवायची की नाही?

बाबांनी पहिल्याच दिवशी पाकीट फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि थू करून अंगणात टाकली. "हे मीठच न्हाय! खोटं मीठ आलंय आपल्या घरात."

"कशावरून?" सासूबाईंनी विचारलं. सखुबाई माझी सासू, मोजून बोलणार आणि बोलली की वर्मावर.

"माजी जीभ सांगते."

तेव्हापासून रोज तेच. आमटीला चव नाही, खोट्या मिठाने ढेकर येतात, खोट्या मिठाने अंगठा बधिर झाला. एकदा तर कोंबडीने अंडं दिलं नाही तेही त्या मिठावर ढकललं! उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग आला कॅनचा दिवस. माणूस किती मीठ खातो ते लघवीवरून कळतं. म्हणून दिवसभराची आणि रात्रभराची लघवी एका पांढऱ्या कॅनमध्ये जमा करून द्यायची. एकदाही बाहेर सांडायची नाही, नाहीतर तपासणी फुकट. बाबांची पाळी नेमकी आली काळूरामकाकांच्या मुलीच्या, आरोहीच्या हळदीला! मी म्हटलं, बाबा, दिवस बदलून घेते. ते म्हणाले, "मी घाबरतो का काय?"

आमच्याकडची हळद म्हणजे तुम्हाला सांगते, लग्नाहून मोठी. डीजे, मटण, अख्खी वाडी मांडवात. त्यात आमचे सासरे सिल्कचा सदरा घालून, मिशीला पीळ देऊन, हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कॅन. नाचता नाचता गायब होत, परत येत, कॅन खुर्चीवर बसवत आणि पुन्हा नाचत. नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन नागावचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका काकांनी डोळा मारून विचारलं, "माडी आणलीत का?"

"आनली न्हाय," बाबा म्हणाले, "बनवतोय."

मी मांडवातच खाली बसले. हसून हसून पोटात दुखायला लागलं. भागुबाई धवलारीण नवरीला हळद लावताना धवले, आमची लग्नातली गाणी, गात होती, तिने तिथल्या तिथे नवीन ओळ जोडली, "धर्मा दादा निंगाला गो, कॅन घेतला काखंला!" बायकांनी ती इतक्या वेळा म्हटली, की डीजेवाल्याने गाणं बंद करून माइक पुढे केला.

त्या हसण्यात कुणीतरी बाबांना डिवचलं, "एवढं करून पाकीट साधंच निघालं तर?"

बाबा खुर्चीवर चढले. "ते खोटं मीठच हाय! साधं निंगालं तर चारचौघांत मिशी उतरवीन!"

तेवढ्यात खुर्चीत बसवलेल्या काळूरामकाकांनी जड जिभेने एकेक शब्द ढकलला, "मी... मीच... काडनार."

आजारपणानंतर काका चारचौघांत पहिल्यांदा बोलले होते. बाबा खाली उतरून त्यांच्यासमोर आले. "काड. पन उजव्या हातानं. डाव्यानं काडलीस तर मोजनार न्हाय."

काकांचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. त्यांनी डावा पुढे केला, दोघांनी पैज पक्की केली. आणि दुसऱ्या दिवशी, खोटं नाही सांगत, काकांनी मांजराकडून चेंडू परत मागितला.

काय ते वेड लागलं! सकाळ-संध्याकाळ चेंडू दाब, बोटं उघड, मीट. मग दाढीचं मशीन आणवलं आणि ते बंद ठेवूनच उचलायचा सराव. आधी मांडीपर्यंत, मग छातीपर्यंत. बाबा खाटेशी बसून चिडवायचे, "एवड्यानं तर माजी दाडी पन न्हाय व्हायची!" काका खुन्नसने आणखी वर न्यायचे. ज्या खाटेशी शब्द फुटत नव्हता, तिथे आता रोज शिव्यांची आतषबाजी. माझा जीव मात्र टांगणीला. बाबांची मिशी गेली तर त्यांचं काय होईल, आणि काकांचा हात पोचलाच नाही तर काकांचं काय?

वर्ष उलटलं, अभ्यास संपला. देवळासमोर पुन्हा सभा. डॉक्टर महनूरने आधी विचारलं, "कुणाला वाटतं, आपलं मीठ बदललेलं होतं?" अख्ख्या वाडीचे हात वर! अख्ख्या वाडीचे! तिला हसू आवरेना. मग एकेका घराचं सांगत आली आमच्यावर. "धर्माचाचा, तुमचं साधं मीठ होतं."

बाबांचा चेहरा बघायला हवा होता. "हे कसं? माजी जीभ..."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जल्मात कदी पाकिटातलं मीठ खाल्लंत? गोनीतलं सोडून तुमाला सगळंच खोटं लागनार!"

हशा असा उसळला, की देवळावरची कबुतरं उडाली. पण बाबा हसत नव्हते. ते डॉक्टर महनूरजवळ गेले, हळूच विचारलं, "मंग माज्या मिठानंच पाडला का त्याला?"

ती म्हणाली, "चाचा, बदललेलं मीठ खाल्लं त्या घरांचा रक्तदाब उतरला, हे खरं आहे. मीठ जास्तच होत होतं. पण काकांचा रक्तदाब वर्षानुवर्षं कुणी मोजलाच नाही, हेही तेवढंच खरं. तुमचा मोजला, म्हणून तुम्ही उभे आहात."

बाबांनी मान हलवली. आले, काकांसमोर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.

काकांनी दाढीचं मशीन सुरू केलं. उजवा हात उठला. थरथरत मांडीवरून छातीपर्यंत आला, तिथे अडकला. काकांचे ओठ वाकडे झाले, कपाळाला घाम आला, आणि हात वर गेला! मशीन मिशीला टेकलं. एका बाजूचा झुबका बाबांच्या मांडीवर पडला. वाडी ओरडली, भागुबाईने नवीन धवला सुरू केला, काका अर्ध्या तोंडाने हसत होते. आणि हात दमून खाली आला.

अर्धी मिशी राहिली. न्हावी पुढे झाला, "द्या, मी करतो सारखी."

"हात लावू नको," बाबा गरजले. "ज्यानं पैज घेतली तोच काडंल. जवा हात उठंल तवा."

त्यानंतर बाबा अर्धी मिशी घेऊन पेणच्या बाजारात गेले. नागावला आरोहीच्या सासरी जेवले, आणि उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळही दिला. पडले तरी नाक वर! आता लोक खरंच थांबून बघतात. घरात आता बदललेलं मीठ येतं आणि बाबा म्हणतात, हे आधीच्या खोट्यापेक्षा बरं लागतं.

आणि रोज संध्याकाळी काळूरामकाका काठी टेकत, आपल्या पायांनी आमच्या ओटीवर येतात. बाबा तोंड पुढे करतात. काका थोडी काढतात, हात दमतो, थांबतात. परवा सासूबाईंनी नीट निरखून बघितलं आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "कल्पिता, कुनाला बोलू नको. तुजा सासरा सकाळी खोबरेल लावून मिशी परत वाडवतोय."