तालमीच्या फळ्यावरचं इंग्रजी

इंग्रजी शब्दांनी मला जेवढं छळलं तेवढं पुढं सासूनंही छळलं नाही, आणि सासू काय चीज होती ते आमच्या गल्लीला विचारा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कागलात मराठीतून शिकून मी बीकॉम झाले होते आणि एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायची होती. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, "यंदा नंबर लागला तर शीक, न्हायतर बिद्रीचं स्थळ पक्कं." तिथला मुलगा साखर कारखान्यात कामाला होता. वाईट नव्हता, पण मला नको होता, विषय संपला! गणित माझ्या हातचा मळ. घोडं अडायचं ते इंग्रजीपाशी. क्लासच्या सरांनी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक हातात ठेवून "पाठ करा" एवढंच सांगितलं होतं. क्लास कोल्हापुरात, म्हणून मी शिवाजी पेठेत मामाकडे राहायला आले.

तिथंच चुकलं.

मामाची पिठाची गिरणी होती, पण पेठेत त्याला मान होता तो अक्षरामुळं. आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीपासून फुटबॉलपर्यंत पेठेचं सगळं बघणारं मंडळ, आणि तिच्या दारातला फळा वर्षानुवर्षं तोच लिहायचा. कोण वारलं, मॅच कधी, पाणी कधी येणार नाही. माझी घोकंपट्टी त्याला बघवेना. "एकटीनं पाठ करून कुठं ऱ्हातंय व्हय? अख्खी पेठ तुझ्याकडनं करून घेईल की!" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, येऊ लागला.

झालं! मला रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. भाजीवाली मेथीची जुडी हातातच धरून ठेवायची, "आधी आजचा शब्द सांग." शेजारच्या आजींना वाचता येत नव्हतं. फळ्यावर नवा खडू दिसला की त्या मलाच विचारायच्या, "आज कोण गेलं गं?"

"आता मीच जाणार हाय," मी वैतागून म्हणायची.

बंद कर म्हणून मी मामाच्या पाया पडले. मामा ढिम्म.

एका सकाळी त्यानं पुस्तकातला पुढचा शब्द फळ्यावर उतरवला. नेपोटिझम : आपल्याच पै-पावण्यांची वर्णी लावणे. आदल्याच संध्याकाळी तालमीचा फुटबॉल संघ निवडला होता, आणि कॅप्टननं गोलकीपर म्हणून सख्खा मेहुणा घेतला होता. आणि आमच्याकडं फळ्यावर लिहिलं म्हणजे तालमीनं जाहीर केलं. दुपारी कॅप्टन पोरं घेऊन दारात उभा.

"चारचौघांत माझी अब्रू काढताय व्हय, मामा?"

"पोरीच्या परीक्षेचा शब्द हाय रं."

"मग बरा आजच आला!"

मामा पुस्तक घेऊन धावला, "पुढचा शब्द त्योच हाय, बघ की." कोण बघतंय! त्यात निम्मी पेठ म्हणाली, शब्द अगदी बरोबर हाय. मग तर आगीत तेलच पडलं. संध्याकाळी तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी फळा दुसऱ्याकडं दिला. मामा त्या दिवशी जेवला नाही. मला त्याचा संताप आला होता आणि त्याची दयाही येत होती.

परीक्षा झाली. नंबर लागला! वडिलांनी मुकाट्यानं बिद्रीला नकार कळवला. मी पेढे घेऊन थेट गिरणीवर गेले. मामानं गिरणी थांबवली आणि पीठ भरलेल्या अंगानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर छाती काढून विचारलं, "सांग ह्यास्नी, फळ्यावरचं किती शब्द पेपरात आलं?"

"एक बी न्हाय, मामा."

"मग पास कशी झालीस?"

"गणितानं तारलं."

मामानं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. मग माझ्यावरच डाफरला, "आधी सांगायचं न्हाय व्हय गं? गणितं लिवली असती की! त्यात कुणाचा मेव्हणा तरी निघाला नसता."