पावण्याला दारातच चहा

अक्षताबद्दल मी लिहावं असं तिनं मला कधीच सांगितलं नसतं. ती फार तर म्हणाली असती, "दादा, तुम्ही लिवनार म्हंजे आधी पाच मिनिटं ढोल वाजनार." तिचं बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असायचं, आणि त्याचा मला राग यायचा.

दोन हजार चार साल. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या गल्लीत माझा वेबसाइट करून देण्याचा धंदा होता. दोन कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि बाहेर 'जोतीराम मल्टिमीडिया' असा माझ्याहून मोठा बोर्ड. कंपनीच्या नावाची अक्षरं वरून पाडायची, जमिनीवर आपटली की ठिणग्या उडवायच्या, मागं तुतारी फुंकायची, ही माझी कला. गिऱ्हाईक "नाद खुळा!" म्हणालं की मला दुपारचं जेवण लागायचं नाही. अक्षता माझ्याकडं कामाला होती. माझा तमाशा संपल्यावर वेबसाइटची जी पानं उघडतात ती बांधायचं काम तिचं. बारीक चणीची, कमी बोलणारी पोरगी. माझं काम पूर्ण झालं की मागं उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "ह्यात फोन नंबर कुठं सापडंल?"

तिचे वडील जयसिंगकाका उद्यमनगरात ईरप्पाशेठच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरायचे. नेसरीकडून तरुणपणी आलेला हा माणूस अठरा वर्षं त्याच एका भट्टीसमोर उभा होता. लेकीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा त्यांनी त्या भट्टीच्याच जिवावर दिला. फौंड्रीत पंपाची बिडाची केसिंगं, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं, ओतली जायची. पण ज्या पंप कंपनीला माल जायचा तिनं स्वतःचीच भट्टी घातली, आणि ईरप्पाशेठच्या चौदा माणसांच्या हातांना काम उरेना.

त्यातच मुंबईच्या एका प्रदर्शनात ईरप्पाशेठला नैरोबीचा एक व्यापारी भेटला. माल त्याला आवडला. तो म्हणाला, "तुमची वेबसाइट बघतो, मालाची माहिती बघतो आणि महिनाअखेर कळवतो." वेबसाइट कुणाकडं होती! ईरप्पाशेठनी ठोकून हो म्हटलं आणि कोल्हापुरात उतरल्या उतरल्या माझ्याकडं आले. हे काम मिळालं तर भट्टी दोन वर्षं तरी विझणार नव्हती. नाही मिळालं तर दसऱ्याला बंद. हे ते अक्षतासमोर, काही आडपडदा न ठेवता बोलले.

अक्षतानं दोन दिवसांत एक पान केलं. वर फौंड्रीचं नाव, खाली केसिंगांची यादी, वजनं, मापं, लहान लहान फोटो, फोन नंबर, ईमेल. ईरप्पाशेठनी चष्मा वर-खाली करून ते बघितलं.

"यव्वा! हे काय, लग्नाच्या किराण्याची यादी? अव्वा, पावणं साता समुद्रापलीकडनं यायला लागल्यात. त्यास्नी असं दाखवायचं?"

मी तयारच होतो. मी माझी अक्षरं पाडली. पडद्यावर भट्टी पेटवली, बिडाचा लाल रस ओतला, त्यातून 'ईरप्पा' असं नाव उठवलं, वर तुतारी. पंचाहत्तर सेकंदांचा खेळ. शेठचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही.

अक्षतानं हट्टानं कोपऱ्यात एक बारकं बटण ठेवलं होतं, 'स्किप'. शेठनी विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी म्हटलं, ज्याला बघायचं नसेल त्यानं हे सोडून थेट आत जावं.

"म्हंजे पावणा आमच्या दारात येनार आनि च्या न घेता आत घुसनार? आमच्यात असलं चालत न्हाय. बसायचं, च्या घ्यायचा, मग माल बघायचा. काढ ते."

आता यात त्या माणसाचं काय चुकलं? कोल्हापुरात उंबऱ्यावरच्या माणसाला चहा पाजल्याशिवाय कुणी सोडतं का? पण अक्षता अडून बसली. म्हणाली, "शेठ, त्याच्याकडं टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट चालत असंल. एवढं सगळं उतरायला पाच मिनिटं लागतील. तवर तो थांबायचा न्हाय." शेठचा चेहरा उतरला आणि मग तापला. संध्याकाळी त्यांनी जयसिंगकाकांना भट्टीजवळच ऐकवलं, की तुझी लेक माझ्या कामाला नाट लावतीय.

दुसऱ्या दिवशी जयसिंगकाका कामावर जाण्याआधी माझ्या दुकानात आले. अंगात कामाचाच शर्ट होता, बाह्यांना वाळू. लेकीसमोर उभे राहून म्हणाले, "मालक म्हणत्यात तसं कर. गप बस. अठरा वर्सं त्यांचं मीठ खाल्लंय. माझी मान खाली घालू नगंस."

अक्षतानं बटण काढलं. मी त्या वेळी एक शब्द बोलायला हवा होता. ती खरं सांगतेय हे मला ठाऊक होतं, धंदाच माझा होता. पण तो पंचाहत्तर सेकंदांचा खेळ माझा होता, आणि तो कुणी बघितल्याशिवाय पुढं जावं हे मला सोसवत नव्हतं. मी गप्प राहिलो.

उद्घाटन झालं, पेढे वाटले गेले, चौदाच्या चौदा माणसं माझ्या दुकानात दाटीवाटीनं उभी राहिली. सगळं झरझर चाललं, कारण ते माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, तारेवरून येतच नव्हतं. जयसिंगकाका शेजारच्याला सांगत होते, "पोरीनं केलंय."

अक्षतानं नैरोबीला वेबसाइटचा पत्ता ईमेलनं कळवला. त्यानंतर पंधरा दिवस ती रोज सकाळी आधी ईमेल उघडायची. काही नाही. मग एका दुपारी ती सायबर कॅफेत घड्याळ लावून बसली. पाच मिनिटं चाळीस सेकंद पडद्यावर एक चाक गोल फिरत राहिलं आणि लाइन तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तुटली. तिथून ती तडक फौंड्रीवर गेली. शेठना म्हणाली, ते जुनं पान लावूया, हात जोडते. शेठ म्हणाले, पै-पावण्यांना सांगून झालंय, आता ती किराण्याची यादी लावून हसं करून घेऊ काय? ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी तिला फाटकातच थांबवलं. आतून जयसिंगकाकांनी तिला बघितलं आणि पाठ फिरवली. त्या आठवड्यात बापलेक घरात एकमेकांशी बोलले नाहीत.

तीस तारखेला नैरोबीच्या व्यापाऱ्याचा ईमेल आला. त्यानं लिहिलं होतं, चार वेळा प्रयत्न केला, एक चाक फिरतं आणि पुढं काही येत नाही. मला घाई होती म्हणून काम दुसऱ्या पार्टीला दिलं, माफ करा. अक्षतानं तो वाचला आणि टेबलावर डोकं टेकलं. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. थोड्या वेळानं उठली आणि कुणाला न विचारता माझा खेळ काढून टाकला, स्वतःचं ते साधं पान चढवलं. म्हणाली, "दसऱ्याला अजून बावीस दिवस हायत. कुणीतरी येईल." ती रोज बघायची. दिवस सरत गेले तशी दिवसातून दहादा बघायला लागली. माझ्याकडं वळून विचारायची, "येईल ना हो, दादा?" मी येईल म्हणायचो. मला मेल्याला दुसरं काय येत होतं?

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली आणि भट्टी पुन्हा पेटली नाही. दिवाळीआधी भंगारवाला ती कापून घेऊन गेला. ईरप्पाशेठ मुलीकडं संकेश्वरला निघून गेले. जयसिंगकाकांना घर खायला उठायचं, म्हणून ते दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचे, संध्याकाळी लेकीला घेऊन जायचे. त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसे. ते मांडीखाली धरून बसायचे.

डिसेंबरात एका दुपारी मेल आला. नागपूरकडच्या एका पंपवाल्याचा. साठ केसिंगं हवी होती, यादीतलं चौथ्या नंबरचं माप. अक्षतानं सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. पण काकांनी ऐकलं होतं. त्यांनी हात मांडीखालून काढले, बोटांवर मोजलं.

"चार नंबर व्हय? दिसाला सहा साचं. धा दिसात हुतंय की! लिव त्यास्नी, जमतंय म्हनून."

"आबा," अक्षता म्हणाली, "भट्टी न्हाय आता."

"व्हय, व्हय. न्हाय न्हवं का." त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घातले. मग म्हणाले, "पर ह्या मानसाला आपन घावलो कसं?"

"पान लगेच उघडलं त्याला. यादी दिसली, ईमेल दिसला."

काका उठून तिच्या खुर्चीमागं आले. वाकून ती यादी, ती वजनं, ते लहान लहान फोटो त्यांनी पहिल्यांदाच बघितले. बघता बघता त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

"मी गप बस म्हटलं, तवा तू हेच लावूया म्हनत हुतीस?"

अक्षतानं नागपूरचा मेल बंद केला. उत्तर मी द्यायला हवं होतं, की काका, तुमचं नाही, माझं चुकलं. मी खाली मान घालून माऊस पुसत बसलो.