अप्पांचा पहिला प्रश्न

बिघडलेल्या पंख्याकडे अप्पा आधी बघतच नसत. पिशवी दाराशी ठेवायची, खुर्चीत ऐसपैस बसायचं आणि विचारायचं, "घरात नवं काय झालं?" घामानं निथळणारी माणसं चिडायची, पण अप्पा जागचे हलायचे नाहीत. "पंखा कुटं पळून चाललाय व्हय? बिघाड पंख्यात कमी आन घरात जास्ती असतोय," म्हणायचे. परभणीतल्या आमच्या गल्लीतले सगळे पंखे त्यांच्याच हाताखालून गेलेले. कपाळाला भस्म, कानावर टेस्टर, आणि ज्या घरी काम चालू असेल त्या घराचा फ्यूज खिशात. मेन स्विचवर त्यांचा विश्वास होता, घरातल्या माणसांवर नव्हता.

शेजारच्या काकूंचा पंखा एकदा खडखडायला लागला. काकांनी पाती उतरवली, तेल घातलं, पुन्हा चढवली, खडखड तशीच. अप्पांनी प्रश्न विचारल्यावर कळलं, काकूंनी नवं कॅलेंडर लावलं होतं, तेच वाऱ्यानं भिंतीवर आपटत होतं. अप्पांनी त्याच्या खालच्या कडेला एक खिळा ठोकला, चहा घेतला आणि निघाले. काका चार दिवस त्यांची नजर चुकवत होते.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दुबईच्या मामानं आमच्याकडे रिमोटचा पंखा आणला. बघायला गल्ली लोटली. आमच्या घरात वस्तू उघडी ठेवणं म्हणजे बेअब्रू. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीला तर झालरीची. मग रिमोटनंच काय पाप केलं होतं?

त्यात मला बघायला गंगाखेडचे पाहुणे यायचे होते. मुलगा शाळामास्तर. खरं सांगते, फोटोतच तो मला इतका आवडला होता, की हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी पोखर्णीच्या नृसिंहाला रोज हात जोडत होते. आदल्या दिवशी हौसेनं रिमोटला लाल मखमलीची खोळ शिवली, वर टिकल्या लावल्या आणि पाहुण्यांपुढेच काढायचा म्हणून तो कपाटात ठेवला. बटणं कापडावरून दाबता यायची.

पाहुणे आले, बसले, आणि पंखा काही सुरू होईना. बटण दाबून दाबून आईचा अंगठा दुखायला लागला. मुलाची आई पदरानं वारा घेत "लय उकडायलंय माय" म्हणाली. बाबांनी धावत जाऊन अप्पांना आणलं. ते खुर्चीकडे वळले, तशी आई म्हणाली, "अप्पा, आज प्रश्न नको, आधी पंखा!" बिचारे आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता स्टुलावर चढले. छताजवळची पंख्याची वाटी उघडली, वायरी तपासल्या, फ्यूज दोनदा काढला, दोनदा लावला. खालून आई रिमोट दाबतच होती. अर्धा तास गेला.

शेवटी अप्पा उतरले, घाम पुसला आणि सरळ पाहुण्यांच्या मधोमध खुर्चीत बसले. "आता मी इचारणार. घरात नवं काय झालं?"

"काहीच नाही हो," आई म्हणाली.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. पण मला राहवेना. "अप्पा, रिमोटची खोळ नवी आहे. मीच शिवली."

अप्पांनी खोळ ओढून काढली आणि हसतच सुटले. "माय, ह्याचा डोळाच झाकलास की! मग ह्याला पंखा दिसावा कसा?" बटण दाबलं. पंखा असा सुटला की पोह्यांवरची कोथिंबीर थेट मुलाच्या शर्टावर. तो हसला. त्याच्या आईनं मात्र खोळ उलटी करून शिलाई निरखून बघितली. "टीप सरळ हाय. आन पोरगी सोताची चूक सोता सांगती. आमाला पसंत हाय."

आमच्या लग्नात अप्पा घरचंच कार्य असल्यासारखे मिरवले. पुढे संसारात कधी वाजलं आणि मी गप्प बसले, की हे अप्पांच्याच थाटात खुर्चीत ऐसपैस बसायचे आणि विचारायचे, "घरात नवं काय झालं?" मला हसू फुटायचं, मग सगळं सांगून टाकायची.

अप्पा गेल्याचा निरोप एका दुपारी आला. घरी मी एकटीच होते. संध्याकाळी हे शाळेतून आले, माझ्या तोंडाकडे बघितलं, खुर्चीत बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्या एकाच दिवशी मला हसू आलं नाही.